जुनी स्पोर्टी डिझेल फॅमिली कार घेताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सेकंड हँड गाडी पाहायला कोणी निघालं की सोबत मला नेतात. माणसं बदलतात, गाड्या बदलतात, प्रश्न मात्र तेच येतात. ते इथे एकत्र केले आहेत. निम्म्या उत्तरांचं मूळ एकच असल्यामुळे ते आधीच सांगून टाकतो. या गाड्या जोरात पळवल्याने क्वचित मरतात. जवळच्या जवळ फिरवल्याने, थंड इंजिनवर रेस दिल्याने आणि ऑइल बदलायचं लांबवल्याने मरतात. म्हणून रनिंग विचारण्याआधी गाडीचा दिनक्रम विचारा.

१. स्पोर्टी डिझेल म्हणजे नेमकं काय? स्टिकर लावलेली साधी डिझेलच ना ती?

बरेचदा हो. स्पॉयलर, लाल शिलाईच्या सीट आणि मोठे अलॉय एवढ्यावर ‘स्पोर्ट’ म्हणून खपवलेल्या गाड्या भरपूर आहेत. खऱ्या स्पोर्टी डिझेलमध्ये इंजिन, ब्रेक आणि सस्पेन्शन तिन्ही वेगळी असतात. गोल्फ जीटीडी, ऑक्टाव्हिया आरएसची डिझेल आवृत्ती, फोकस एसटी डिझेल, बीएमडब्ल्यू ३३०डी ही मंडळी त्यातली. सातव्या पिढीची गोल्फ जीटीडी घ्या. दोन लिटरचं इंजिन, १८४ अश्वशक्ती आणि ३८० न्यूटन मीटर टॉर्क. यातला अश्वशक्तीचा आकडा जाहिरातीसाठी असतो. तुमच्या खिशाशी संबंध टॉर्कचा, कारण क्लच, फ्लायव्हील, गिअरबॉक्स आणि पुढचे टायर हे सगळे तोच सोसतात.

डिझेल म्हणजे ट्रॅक्टर असं म्हणणारा घरात कोणी असेल तर सांगा, १९९८ साली न्युर्बुर्गरिंगची २४ तासांची शर्यत बीएमडब्ल्यू ३२०डीने जिंकली होती.

२. माझं रोजचं जाणं-येणं सहा-सात किलोमीटर, सुट्टीत कधीतरी लांबचा प्रवास. घेऊ का?

नको. पेट्रोल घ्या. कारण प्रश्न ७ मध्ये आहे. तिथे जे लिहिलंय ते आधीच्या मालकाइतकंच तुम्हालाही लागू होतं. सुदृढ गाडी घेऊन ती वर्षभरात आजारी पाडणारे लोक मी पाहिले आहेत.

३. मीटरवर किती किलोमीटर असेल तर गाडी सोडून द्यावी?

असा आकडा नाही. पाच वर्षांत दीड लाख किलोमीटर हायवेवर धावलेली गाडी मला त्याच वयाच्या पण शहरात चाळीस हजार झालेल्या गाडीपेक्षा जास्त आवडते. हायवेवर इंजिन पूर्ण तापतं, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) आपोआप साफ होत राहतो, क्लच दिवसात चार वेळा दाबला जातो आणि थंड स्टार्ट मोजके होतात. शहरातल्या गाडीचं हे सगळं उलटं.

मात्र जास्त रनिंग म्हणजे काही मोठी कामं एक तर झालेली असणार किंवा तुमच्या वाट्याला येणार. टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवणारा पट्टा), क्लच आणि फ्लायव्हील, सस्पेन्शनचे बुश, व्हील बेअरिंग या कामांची बिलं मागा. बिल नसेल तर काम झालेलं नाही असं धरूनच किंमत बोला.

४. मीटर मागे केलाय हे कसं ओळखायचं?

ब्रेक पेडलचं रबर, स्टीअरिंगची झिलई, ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड हे तर सगळेच बघतात, त्यामुळे विकणारेही तेवढं बदलून ठेवतात. नवंकोरं पेडल रबर आणि झिजलेला गिअर नॉब एकाच गाडीत दिसले तर संशय घ्या.

कागद जास्त बोलतात. सर्व्हिसची बिलं, टायरची बिलं, तपासणीचे दाखले तारखेनुसार लावा आणि आकडे चढत जातात का बघा. डिझेलमध्ये आणखी एक साक्षीदार असतो, डीपीएफमधली राख. काजळी जळते, राख जळत नाही. ती ऑइलमधल्या रसायनांपासून तयार होते आणि किलोमीटरबरोबर वाढतच जाते. फोक्सवॅगन समूहाच्या बऱ्याच गाड्यांत चांगल्या स्कॅनरवर तिचा अंदाज ग्रॅममध्ये दिसतो. मीटर साठ हजार दाखवत असेल आणि राख काठोकाठ भरत आली असेल तर कोणीतरी खोटं बोलतंय, आणि ती राख नव्हे. (फिल्टर नवा टाकून हा आकडा शून्यावर आणता येतो, म्हणून राख कमी दिसली तर त्याने काहीच सिद्ध होत नाही.)

५. ‘इंजिन थंड असतानाच बघा’ असं सगळे का सांगतात?

कारण तापलेलं इंजिन बरंच काही झाकतं. ग्लो प्लग गेलेले, इंजेक्टर थकलेले, टायमिंग चेन (काही इंजिनांत बेल्टच्या जागी असते ती साखळी) ढिली झालेली, कॉम्प्रेशन उतरलेलं हे सगळं पहिल्या अर्ध्या मिनिटात ऐकू येतं आणि पाच मिनिटांत गप्प होतं.

मालकाला आधीच सांगा की मी येण्यापूर्वी गाडी चालू करू नका. पोहोचल्यावर पहिलं काम म्हणजे बोनेटवर हात ठेवा. कोमट लागला तर कारण विचारा. ‘पार्किंगमधून बाहेर काढली’ हे उत्तर खरं असू शकतं. मग दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा या. तेव्हाही कोमट असेल तर तिसऱ्यांदा जायची गरज नाही.

थंड इंजिनला सेल्फ मारल्यावर ते सेकंद-दोन सेकंदात उठायला हवं. उठल्यावर थोडी खडखड चालते, ते डिझेलच आहे. पण एखादा सिलिंडर मिसिंग असल्यासारखी गाडी हलत असेल, किंवा साखळी ओढल्यासारखा आवाज येत असेल तर प्रश्न ११ आणि १२ वाचा. चालू करण्याआधी कूलंटच्या टाकीचं झाकणही उघडून घ्या. तेलकट तवंग असेल तर तिथूनच परत फिरा. सुरू केल्यावर मिनिटभरात, इंजिन थंडच असताना कूलंटचे पाइप दगडासारखे कडक झाले तर हेड गॅस्केटचा संशय.

६. धुराच्या रंगावरून काय कळतं?

काळा धूर म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी. फुटलेला इंटरकूलर पाइप, अडकलेला ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह), थकलेले इंजेक्टर किंवा रिमॅप (ताकद वाढवायला बदललेलं इंजिनाचं सॉफ्टवेअर). निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा आणि गोडसर वासाचा धूर विरत नसेल तर कूलंट. पांढरा आणि डिझेलच्या वासाचा असेल तर इंधन न जळता बाहेर पडतंय. थंडीत सुरुवातीला निघणारी वाफ सोडून द्या.

पण ज्या गाडीत डीपीएफ शाबूत आहे तिथून काळा धूर दिसायलाच नको. दिसला, तर प्रश्न ८ कडे चला. सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवून बघा. डीपीएफ धड असेल तर बोट जवळजवळ कोरडं आणि स्वच्छ निघतं. काजळीने माखलं तर फिल्टर तडकलेला आहे किंवा आत फिल्टरच नाही.

७. डीपीएफबद्दल इतकी भीती का? आणि तो ठीक आहे हे कळतं कसं?

डीपीएफ म्हणजे धुरातली काजळी अडवणारी जाळी. युरो ५ निकषांपासून, म्हणजे साधारण २००९ नंतरच्या जवळपास प्रत्येक डिझेल कारमध्ये तो असतो. साठलेली काजळी अधूनमधून जाळावी लागते, त्याला रिजनरेशन म्हणतात. हायवेच्या वेगात एक्झॉस्ट तापलेला असेल तर हे काम हळूहळू आपसूक होत राहतं. नसेल तर ईसीयू (इंजिनाचा संगणक) इंजिनात उशिरा जास्तीचं डिझेल सोडून फिल्टरचं तापमान सुमारे ६०० अंशांपर्यंत नेतो. याला दहा-वीस मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ गाडी चालू राहावी लागते.

आता सहा किलोमीटरवर ऑफिस असलेला माणूस आठवा. रिजनरेशन सुरू होतं, तो गाडी बंद करतो. संध्याकाळी पुन्हा सुरू होतं, पुन्हा बंद. दर वेळी सोडलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये उतरतं. फिल्टर तुंबतो आणि ऑइल पातळ होतं. पातळ ऑइलमुळे टर्बोचं बेअरिंग, चेन, मेन बेअरिंग सगळ्यांचं आयुष्य घटतं. म्हणजे डीपीएफचं दुखणं डीपीएफपुरतं राहत नाही, ते आतपर्यंत उतरतं. विकणाऱ्याला म्हणूनच मी पहिला प्रश्न ‘तुम्ही रोज कुठे जाता?’ असा विचारतो. गप्पांच्या ओघात विचारला की लोक खरं सांगतात.

तपासायचं असं. स्कॅनरवर काजळीची पातळी, शेवटचं रिजनरेशन किती किलोमीटरपूर्वी झालं आणि फिल्टरच्या दोन्ही बाजूंमधला दाबाचा फरक बघा. धडधाकट गाडीत दोन रिजनरेशनमध्ये काहीशे किलोमीटर जातात. दर ऐंशी-शंभर किलोमीटरला होत असेल तर फिल्टर राखेने भरलाय किंवा इंजेक्टर, ईजीआर, टर्बो यांपैकी कोणीतरी जास्त काजळी करतंय. यात नुसता फिल्टर बदलून भागत नाही, नवाही तसाच तुंबतो.

स्कॅनर नसेल तर टेस्ट ड्राइव्हनंतर लक्ष ठेवा. बंद केल्यावरही पंखा जोरात फिरतोय, उभ्या गाडीचे आरपीएम नेहमीपेक्षा थोडे वर आहेत, जळका वास येतोय, म्हणजे रिजनरेशन चालू होतं. एकदा दिसलं तर योगायोग. दोन्ही भेटींत दिसलं तर नाही.

८. विकणारा म्हणतो, डीपीएफ काढून टाकलाय, आता कटकटच नाही. फायदाच ना?

त्याची कटकट संपली, तुमची सुरू होईल. मूळ उपकरण काढलेली गाडी बऱ्याच देशांत रस्त्यावर चालवणं बेकायदा आहे, उत्सर्जन तपासणीत ती अडकते आणि विमा कंपनीला वाद घालायला आयतं निमित्त मिळतं. शिवाय फिल्टर का काढावा लागला, या प्रश्नाचं उत्तर इंजिनात अजून शिल्लक असतं. परत बसवायचा खर्च किमतीतून वजा होत असेल तरच पुढे बोला. मी तरीही सोडून देईन.

९. डिपस्टिकवर ऑइल खुणेच्या वर आहे. मालक म्हणतो, नुकतंच भरलंय म्हणून. खरं असेल?

असू शकतं, पण वास घेऊन बघा. डिझेलचा स्पष्ट वास आणि बोटांमध्ये पाण्यासारखं पातळ लागणं म्हणजे प्रश्न ७ मधली गोष्ट घडून गेली आहे. ऑइल आपोआप वाढत नसतं.

कोणतं ऑइल घातलं हेही बिलावर बघा. डीपीएफ असलेल्या इंजिनाला कमी राख करणारं ऑइल लागतं. फोक्सवॅगन समूहासाठी ५०७ ००, बीएमडब्ल्यूसाठी लाँगलाइफ-०४ असे दर्जे ठरलेले आहेत. ‘चांगल्यापैकी सिंथेटिक’ हे उत्तर पुरेसं नाही. आणि उत्पादकाने ३०,००० किलोमीटरची लांब मुदत दिलेली असली तरी ज्या मालकाने ती निम्म्यावर आणली होती, त्याच्या गाडीला मी जास्त पैसे द्यायला तयार असतो.

१०. क्लच आणि ड्युअल मास फ्लायव्हील गेलंय का, हे पाच मिनिटांत कसं कळेल?

क्लचसाठी मोकळ्या रस्त्यावर चौथ्या किंवा पाचव्या गिअरमध्ये १,५०० ते २,००० आरपीएमवर या आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. काटा वर पळाला आणि गाडी मागे राहिली तर क्लच स्लिप होतोय. पहिल्या गिअरमध्ये ही चाचणी करू नका, तिथे थकलेला क्लचही वेळ मारून नेतो.

ड्युअल मास फ्लायव्हील म्हणजे इंजिनाचे धक्के शोषणारं दोन भागांचं जड चाक. त्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून खिडकी खाली घ्या. क्लच सोडलेला असताना खडखड आणि दाबल्यावर गप्प, किंवा उलटं, अशी आवाजात तफावत असेल तर फ्लायव्हील, गिअरबॉक्स किंवा रिलीज बेअरिंग यांपैकी काहीतरी आहे. इंजिन बंद करताना ‘धडधड-धप्प’ झालं तर फ्लायव्हीलवर माझी पैज.

दोन्ही एकत्र बदलतात, कारण मजुरी एकच लागते. नुसता क्लच बदलून जुनं फ्लायव्हील तसंच ठेवलेल्या गाड्या विक्रीला येतात, बिलात नीट वाचा.

११. टायमिंग बेल्ट बरा की चेन? चेन तर आयुष्यभर चालते ना?

हे वाक्य विकणाऱ्यांचं आवडतं आहे. बेल्ट ठरलेल्या मुदतीत बदलायचा असतो आणि मुदत किलोमीटर व वय दोन्हींवर मोजतात. गाडी उभी राहिली म्हणून रबर तरुण राहत नाही. बेल्टसोबत वॉटर पंप आणि टेन्शनरही बदललेले हवेत. हा खर्च निदान आधी कळतो.

चेनचं उदाहरण म्हणजे बीएमडब्ल्यूचं एन४७ इंजिन, २००७ पासून ३२०डीसह अनेक गाड्यांत बसवलेलं. सुरुवातीच्या वर्षांच्या इंजिनांत चेन आणि तिचे गाइड अकाली झिजण्यासाठी ते बदनाम आहे. चेन तिथे इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे असते. त्यामुळे काम निघालं की बरेचदा अख्खं इंजिन उतरवावं लागतं. थंड असताना बोनेटच्या मागच्या कडेला, केबिनच्या बाजूने कान द्या. धातू घासल्यासारखी सळसळ आरपीएमबरोबर वाढत असेल तर ऐकून न ऐकल्यासारखं करू नका. चेन तुटली की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांना भेटतात. पुढे सांगायला नको.

१२. इंजेक्टर खराब असतील तर मोठा फटका बसतो म्हणतात. आधी कसं ओळखू?

थंड स्टार्टला लंगडणं, उभ्या गाडीला मिसिंग, ॲक्सिलरेटर सोडताना टक-टक. स्कॅनरवर प्रत्येक सिलिंडरचा करेक्शनचा, म्हणजे ईसीयूने इंधनात केलेल्या कमी-जास्तीचा आकडा दिसतो. चौघांपैकी एकाचा आकडा बाकीच्यांपासून फार दूर असेल तर त्या इंजेक्टरवर संशय. खात्रीसाठी मेकॅनिक लीक-ऑफ टेस्ट करतो, म्हणजे प्रत्येक इंजेक्टर किती डिझेल परत पाठवतो ते बाटल्यांत मोजतो.

इंजिनावरचं प्लॅस्टिकचं कव्हर काढायला लावा. इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा काळा थर दिसला तर खालचा तांब्याचा वॉशर गळतोय. वेळेवर धरलं तर काम छोटं. दुर्लक्ष केलं तर इंजेक्टर जागीच असा चिकटतो की उपटताना हेडलाही इजा होते.

एक जुना अपवाद. २००६ मध्ये आलेल्या पहिल्या डिझेल ऑक्टाव्हिया आरएसमध्ये कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणारा एकच उच्च दाबाचा पाइप) नव्हतं. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र पंप-इंजेक्टर असलेलं १७० अश्वशक्तीचं इंजिन होतं आणि त्याचे पिएझो इंजेक्टर त्रासदायक ठरले. पुढची कॉमन रेलची इंजिनं आवाजालाही नरम आहेत. त्या काळातली गाडी घ्यायची असेल तर इंजेक्टर बदलल्याचं बिल हातात घ्या.

१३. टर्बोची शिट्टी ऐकू येते. चांगलं की वाईट?

बारीक शिट्टी ठीक. रुग्णवाहिकेच्या सायरनसारखा चढत जाणारा आवाज वाईट. इंटरकूलरच्या पाइपमध्ये ऑइलचा पुसट हात असतोच. थेंब पडत असतील तर नाही.

या टर्बोत पाती हलतात, त्यांची दिशा बदलून कमी आरपीएमलाही दाब मिळतो. हळूहळू चालवलेल्या गाडीत काजळी बसून ती पाती अडकतात. मग सपाट रस्त्यावर गाडी गोड चालते आणि चढावर पूर्ण ॲक्सिलरेटर दिला की एकदम मान टाकते, डॅशबोर्डवर दिवा लागतो. बंद करून चालू केली की पुन्हा ठणठणीत. म्हणून टेस्ट ड्राइव्हला चढ हवाच.

१४. ऑटोमॅटिक, त्यातही ड्युअल क्लच घ्यावी की मॅन्युअल?

सर्व्हिसचे पुरावे असतील तर जरूर घ्या. फोक्सवॅगन समूहाच्या दोन लिटर स्पोर्टी डिझेलमध्ये बराच काळ सहा गिअरचा, ऑइलमध्ये बुडलेल्या क्लचचा डीएसजी (त्यांच्या ड्युअल क्लच गिअरबॉक्सचं नाव) होता. त्याचं ऑइल आणि फिल्टर दर ६०,००० किलोमीटरला बदलायचं असतं. सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीएसजी हा वेगळा प्राणी. तो २५० न्यूटन मीटरपर्यंतच्या लहान इंजिनांसाठी असतो. त्याच्या तक्रारी वाचून सहा गिअरवाल्याला घाबरू नका, आणि उलटही करू नका.

तपासताना ट्रॅफिकमध्ये रांगत न्या, चढावर थांबवून पुन्हा काढा, रिव्हर्समध्ये हळू घ्या. थरथर, धक्का, किंवा डी टाकल्यावर सेकंदभर विचार करणं, यांपैकी काही दिसलं तर मेकॅट्रॉनिक (गिअरबॉक्स चालवणारं नियंत्रण युनिट) किंवा क्लचचा खर्च मनात धरा. चारही चाकांना ताकद असलेल्या आवृत्तीत मागच्या कपलिंगचं ऑइलही स्वतंत्र बदलायचं असतं. ते सगळ्यात जास्त विसरलं जातं.

१५. गाडी रिमॅप केलेली आहे. पिकअप तर जबरदस्त वाटला!

वाटणारच. प्रश्न हा की वाढलेला टॉर्क क्लच, फ्लायव्हील आणि टर्बोने किती दिवस सोसलाय. रिमॅप कोणी केला, कागद आहे का, नंतर क्लच बदलला का, विमा कंपनीला कळवलंय का? चारही उत्तरं धड आली तर मी लगेच नाही म्हणणार नाही. काही मालक अशा गाडीची कंपनीच्या गाडीपेक्षा जास्त निगा राखतात.

न सांगितलेला रिमॅप हे वेगळं प्रकरण. विकण्याआधी मूळ फाइल परत टाकतात. तरी खुणा राहतात. मोठा इंटरकूलर, बाहेरचे सिलिकॉन पाइप, स्क्रू खरवडलेला ईसीयू. आणि मालक मॅन्युअल गाडीचा क्लच तरुण वयातच बदलला असं सांगत असेल तर का बदलावा लागला तेही विचारा.

१६. स्कॅनर लावला, एकही एरर नाही. म्हणजे गाडी स्वच्छ?

किंवा सकाळीच पुसलेली. ओबीडीमध्ये, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या निदान यंत्रणेत ‘एरर पुसल्यापासून किती किलोमीटर’ ही नोंद असते, साधं ॲपही ती दाखवतं. ती बारा किलोमीटर असेल तर विचारा, काय पुसलं? सोबत रेडिनेस मॉनिटर बघा. एरर पुसल्यावर गाडीच्या स्वतःच्या चाचण्या पुन्हा पूर्ण व्हायला काही दिवसांचं चालवणं लागतं. त्या अपूर्ण दिसल्या तर आठवड्याने परत तपासा.

१७. डिझेलगेटमध्ये अपडेट झालेली गाडी टाळावी का?

सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनचं प्रकरण उघड झालं, म्हणजे तपासणीपुरतं उत्सर्जन कमी दाखवणारं सॉफ्टवेअर सापडलं, जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्या त्यात होत्या. त्यांतलं मुख्य इंजिन ईए१८९. २०१२ पासून आलेली ईए२८८ ही पुढची पिढी. सॉफ्टवेअर बदलल्यावर ईजीआरला त्रास सुरू झाल्याच्या तक्रारी अनेक मालकांनी केल्या. टाळायची गरज नाही, पण अपडेट कधी झालं, त्यानंतर ईजीआरचं काही काम निघालं का आणि त्यानंतर गाडी किती धावली ते विचारा. अपडेटनंतर पन्नास हजार किलोमीटर बिनतक्रार झाले असतील तर मी विषय सोडून देतो.

बीएमडब्ल्यू डिझेल पाहत असाल तर २०१८ पासूनचा ईजीआर कूलरचा रिकॉल झालाय का, हे चॅसी नंबरवरून तपासा. गळलेलं कूलंट काजळीत मिसळून आग लागण्याचा धोका होता, त्यामुळे तिथे तडजोड नाही.

१८. ॲडब्लू असलेल्या गाडीत वेगळं काय बघायचं?

ॲडब्लू म्हणजे धुरातले नायट्रोजन ऑक्साइड कमी करायला एक्झॉस्टमध्ये सोडलं जाणारं ३२.५ टक्के युरियाचं द्रावण. सुकलं की पांढरे स्फटिक होतात. डोसिंगच्या जागी थोडे असणं चालतं. डिझेलच्या टाकीच्या तोंडाशी दिसले तर कोणीतरी चुकून ॲडब्लू डिझेलच्या टाकीत ओतलंय आणि इंधनाची सगळी यंत्रणा धोक्यात आहे. डॅशबोर्डवर ‘इतक्या किलोमीटरनंतर गाडी सुरू होणार नाही’ असा उलटा मोजणारा इशारा असेल, तर ‘फक्त भरायचंय’ यावर विश्वास न ठेवता समोर भरून इशारा जातो का बघा.

१९. सस्पेन्शन, ब्रेक आणि टायरमध्ये काय शोधायचं?

टायर हे मालकाचं चारित्र्य सांगतात. एका एक्सलवर एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे टायर हवेत. बाजूवरच्या चार अंकांतले पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. म्हणजे २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. आतली कड जास्त झिजली असेल तर अलाइनमेंट बिघडलंय किंवा गाडी खाली केलेली आहे. चारही चाकांना ताकद असलेल्या गाडीत पुढच्या-मागच्या टायरच्या झिजेत मोठा फरक नको.

बारीक कडेच्या टायरमुळे खड्ड्याचा मार थेट अलॉयला बसतो. रिमच्या आतल्या बाजूला टॉर्च मारा, चिरा तिथेच असतात. ब्रेक डिस्कच्या कडेला नखाला लागेल अशी उंच धार असेल तर बदलायला आली आहे. बदलणारे शॉकअप असतील तर मोड बदलून खराब रस्त्यावर फरक जाणवतो का पाहा. जाणवला नाही तर एखादा मेलेला आहे, आणि ते स्वस्त नसतात.

२०. गाडी ठोकलेली आहे का, हे मेकॅनिकशिवाय कळेल?

बऱ्यापैकी. पॅनेलमधल्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या हव्यात. बोनेट आणि दरवाज्यांच्या बोल्टवरचा रंग खरवडलेला नको. रंगाची जाडी मोजणारं मीटर मिळालं तर कंपनीचा रंग साधारण ८० ते १६० मायक्रॉन दाखवतो. ३०० च्या वर गेला की खाली पुटी. दरवाजावरचा ओरखडा रंगवलेला असला तर हरकत नाही, पण खांब, छत आणि चॅसीचे दांडे हे वेगळं.

चॅसी नंबर १७ अक्षरांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ, क्यू ही अक्षरं नसतात. काचेखालचा, बॉडीवरचा आणि कागदावरचा नंबर एकच आहे ना, हे स्वतः वाचा. फोटो पाठवलाय म्हणून समाधान मानू नका.

२१. घरच्यांसाठी म्हणून काय बघू? इंजिनाचं खूप झालं.

बरोबर आहे, पुरुष मंडळी इथेच चुकतात. घरच्यांना सोबत न्या. मुलाची सीट आणलीत तर आयसोफिक्सचे हुक प्रत्यक्ष वापरून बघता येतील. मोठ्या चाकांवरची गाडी मागच्या सीटवर किती आदळते हे ड्रायव्हरला कळत नाही, म्हणून पाचेक किलोमीटर तुम्ही मागे बसा. डिकीतलं कार्पेट उचला. पाणी साचल्याच्या खुणा, गंज, वाकलेला तळ, गायब स्पेअर टायर सगळं तिथे सापडतं. ट्रेलर ओढायचा हुक असेल तर काय ओढत होतात ते विचारा, क्लचचा हिशेब बदलतो.

२२. टेस्ट ड्राइव्ह किती वेळ घ्यावी?

अर्धा तास तरी. थंड स्टार्ट, ट्रॅफिक, एक चढ, खराब रस्ता आणि शेवटी दहा मिनिटं मोकळ्या रस्त्यावर. रेडिओ बंद, खिडकी काही वेळ उघडी. बोलका विक्रेता शेजारी असेल तर त्याला नम्रपणे गप्प बसवा. परत आल्यावर गाडी पाच मिनिटं तशीच चालू ठेवा, मग बंद करून पुन्हा सेल्फ मारा. तापलेली गाडी उठायला कुरकुरली तर प्रश्न १२.

२३. तीन-चार ठिकाणी खर्च निघतोय, पण गाडी आवडलीय. काय करू?

खर्चांचे दोन ढीग करा. टायर, ब्रेक, बेल्ट, बुश, बॅटरी यांना ठरलेला भाव असतो, ते किमतीतून वजा करून घ्या. तुंबलेला डीपीएफ, पातळ ऑइल, चेनचा आवाज, कूलंटमधला तवंग यांना तळ नसतो. या ढिगात एक जरी गोष्ट असली तरी विसार देऊ नका, किंमत कितीही खाली येवो.

२४. दीड वर्ष उभी असलेली गाडी मिळतेय, रनिंग फक्त बावीस हजार. सोनं ना?

आधी डिझेल किती जुनं आहे ते विचारा. जुन्या डिझेलमध्ये पाणी उतरतं, त्यात जिवाणू वाढून काळसर चिखल होतो आणि तो थेट हाय प्रेशर पंपाकडे जातो. त्यामुळे त्याच डिझेलवर ‘चालू करून दाखवतो’ म्हणाला तर थांबवा. आधी फिल्टर काढून बघू द्या, टाकी रिकामी करून ताजं डिझेल भरू द्या. ब्रेक कॅलिपर चिकटलेले, टायर एका जागी चपटे झालेले, बॅटरी संपलेली हे धरूनच चाला. उंदरांनी वायरिंग कुरतडलंय का बघायला एअर फिल्टरचा डबा उघडा, घरटं बहुधा तिथेच असतं. आणि बेल्ट प्रश्न ११ प्रमाणे वयावर मोजा, बावीस हजारांवर नाही.